आदर्श खेळाडू आणि एक डावा गुडघा

माझ्या जावेच्या भावाइतका चांगला कबड्डीपटू काळेवाडीत झाला नाही आणि त्याच्याइतका भांडकुदळ माणूस उभ्या पिंपरी-चिंचवडात सापडायचा नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. तो जिवंत असताना पेपरवाल्यांना फक्त दुसरी दिसायची, मेल्यावर फक्त पहिली दिसायला लागली. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण एका माणसाबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवायला त्याहून जास्त शाळा लागत नाही.

कंपनीच्या संघात खेळायचा म्हणून कंपनीनं त्याला नोकरी दिली होती. मशीनपाशी तो हजेरीपुरता दिसायचा. चढाईचा दम सुटू नये म्हणून आमच्या इमारतीचे तिन्ही जिने एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ करत चढायचा, हातात दुधाची पिशवी असली तरी. नवीन भाडेकरू आला की पहिला आठवडा घाबरून दार उघडून बघायचा. बसच्या रांगेत कुणाचा धक्का लागला की हा हात वर करून ओरडायचा, “बाद! चल, बाहेर हो!” आणि काही साधी माणसं खरंच रांगेबाहेर व्हायची. माझ्या पुतणीच्या लग्नात वाढपी याला जिलेबी न वाढताच पुढे सरकला, तर यानं बसल्या जागेवरून त्याचा घोटा धरला. वाढपी, परात आणि जिलेब्या एकदमच पंगतीत आडव्या झाल्या. दारू प्यायचा. ते मी गोड करून सांगणार नाही. बायको दोनदा माहेरी गेली आणि दुसऱ्यांदा परत आली नाही.

पेपरात आलेलं स्वतःबद्दलचं एकूण एक कात्रण त्यानं लॅमिनेट करून भिंतीवर लावलं होतं. त्यातलं सगळ्यात मोठं होतं, ‘पंचाच्या कानशिलात लगावली, खेळाडूवर वर्षाची बंदी’. पाहुणा आला की आधी ते दाखवायचा.

“अक्का, फोटो बघ कसला आलाय!”

“अरे, खाली काय लिहिलंय ते वाच.”

“खालचं कोण वाचतंय?”

त्या भिंतीवर कोपऱ्यात एक बोटभर कात्रण होतं, फोटो नसलेलं. तळवड्याचा एक तरुण खेळाडू मोटारसायकलवरून पडून जखमी झाला, निवड चाचणीला मुकणार, एवढंच. त्यात याचं नाव कुठेच नव्हतं. मी विचारलं तेव्हा यानं ते कात्रण बोटानं झाकलं. मग म्हणाला, “तो गाडीवरून नाय पडला, अक्का. सराव सामन्यात त्यानं माझी पकड केली. सगळे हसले. शिट्टी झाल्यावर मी त्याचा डावा गुडघा मोडला.”

अंतिम सामना तोंडावर होता. याच्यावर बंदी येऊ नये म्हणून कबड्डी मंडळानं पेपरला मोटारसायकलची बातमी दिली, आणि जखमी पोराला सांगितलं, गप्प बस, कंपनीत चिकटवतो. नोकरी काही मिळाली नाही. त्या पोराच्या घरात मोटारसायकल एकच, त्याच्या थोरल्या भावाची, ज्यानं त्याला बापाच्या मागे वाढवलं होतं. न विचारता गाडी उडवायला नेली आणि पाय मोडून घेतला, असं धरून तो भाऊ त्याच्याशी पुन्हा कधी सरळ बोलला नाही.

त्या पोराचं पुढे तळवड्यात पंक्चरचं दुकान झालं. आमच्याकडे कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. दर गुरुवारी माझ्या जावेचा भाऊ त्या दुकानात जाऊन बसायचा. माफी वगैरे मागायचा नाही. चाकं खोलायचा आणि चहावरून भांडायचा. एकदा मी बरोबर गेले तर दुकानवाला म्हणाला, “मावशी, ह्याला घेऊन जा. गिऱ्हाईकं पळवतो माझी.”

“गिऱ्हाईकाला रांगेत उभं राहायची शिस्त नको?” हा म्हणाला. मग पाना खाली ठेवून म्हणाला, “दिवाळीनंतर मंडळ माझा सत्कार करतंय. माईक हातात आला की गुडघ्याचं सांगतो. तुझ्या भाईजानला घेऊन ये.”

“पहले तू तो शुद्धीत ये,” दुकानवाला म्हणाला. पण पाय दुमडता येत नव्हता तरी त्यानं उठून दुसरा चहा सांगितला.

सत्काराआधीच हा गेला. लिव्हर गेलं होतं. पेपरात ‘अल्पशा आजाराने’ असं आलं. चौकात फ्लेक्स लागला, ‘निर्व्यसनी, मनमिळाऊ, आदर्श खेळाडू’. टीव्हीवाली पोरगी माईक घेऊन माझ्याकडे आली.

“आजी, त्यांची एखादी गोड आठवण?”

“गोड म्हणजे जिलेबीची आहे.” तिनं हसत ऐकली. “आता गुडघ्याची सांगते.”

“नको ना आजी. आज सगळे चांगलंच बोलतात.”

“मग तो कोण होता ते कळायचं कसं?” मी म्हटलं. तिनं कॅमेरा बंद केला.

सत्कार ठरला होता त्याच हॉलमध्ये शोकसभा झाली. दुकानवाला ठरल्याप्रमाणे भावाला घेऊन आला आणि मागच्या ओळीत बसला. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, “मैदानावर त्यांनी मुंगीलाही दुखावलं नाही.” मी मागे वळून पाहिलं. दुकानवाला खाली बघत होता. मी उठले.

जावेनं पदर धरला. “अक्का, बसा. माझा भाऊ गेलाय.”

“तुझाच भाऊ सांगणार होता. तो नाही म्हणून मी सांगते.”

मी माईक घेतला आणि सांगितलं. कुणी कुणाचा गुडघा मोडला, मोटारसायकलची बातमी कुणी दिली, आणि मोडणारा दर गुरुवारी कुठे जायचा. अध्यक्ष म्हणाले, “अक्का दुःखात आहेत.” तेवढ्यात एक म्हातारा उभा राहिला. ज्याच्या कानशिलात बसली होती तोच पंच. “बाई खरं बोलतायत,” तो म्हणाला. “त्या दिवशी शिट्टी मीच वाजवली होती. मीही गप्प बसलो.”

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘आठवणी सांगताना ज्येष्ठ महिलेला अश्रू अनावर’. मी रडले नव्हते. जाऊ महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तो तिचा हक्क होता.

शोकसभेच्या संध्याकाळी हॉलबाहेर पायरीवर ते दोघे भाऊ होते. थोरला म्हणाला, “मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं, भाईजान. तुम्ही पेपर दाखवलात.”

थोरल्यानं वाकून धाकट्याच्या पँटचा पाय वर केला आणि गुडघा पाहिला. दुकानवाल्याला लाज वाटली असावी. तो हसून माझ्याकडे वळला.

“मावशी, एक राहिलं सांगायचं. पकड मी फार चांगली केली होती.”

“कशी?”

त्यानं हात पुढे केले, कुणाची तरी मांडी धरल्यासारखे, आणि तसेच सोडून दिले. ती पकड अंगावर घेतलेला माणूस एकच होता, आणि आत त्याच्या फोटोला हार घातलेला होता.