तोंडाकडं बघू नगं

कासारीणकाकीवर अन्याय झाला तो शनिवारी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी, कराडच्या एका फ्लेक्सच्या दुकानात. अन्याय मी केला. एका शब्दात केला. मी पत्रकं लिहिणारी पोरगी. कुणी केलं, कधी केलं, स्पष्ट सांगा, असं गावभर ओरडत फिरते. मग स्वतःची वेळ आली की घड्याळ कसं विसरू?

काकी आमच्या आणि आसपासच्या चार गावांत बांगड्या भरायची. उंबऱ्यात टेकली की पेटी उघडायच्या आधी हात पुढे करायची आणि म्हणायची, "हात दे हिकडं. तोंडाकडं बघू नगं, ते माज्याजवळच ऱ्हाणार हाय."

कारण सगळे तोंडाकडेच बघायचे. तुम्हीही बघितलं असतं, उगाच नाही म्हणू नका. दोन्ही गाल, नाक, हनुवटीचं टोक, सगळं लाल. बारा महिने लाल. त्यात उन्हातून आली, चुलीपुढे बसली, गरम चहा प्यायली किंवा कुणी वाकडं बोललं, की तो रंग बघता बघता कपाळापर्यंत चढायचा. "कुणीतरी आतनं मिरच्या वाटतंय बघ," ती म्हणायची आणि पेटीतला ओला रुमाल गालाला लावायची. चहा निवून साय धरेपर्यंत थांबायची. स्वतःच्या तोंडाच्या रंगाला तिनं बांगड्यांचीच नावं दिली होती. सकाळी भेटली की मी विचारायचे, "काकी, आज काय?"

"आज राणी हाय. दुपारपातूर डाळिंबी हुतंय बघ."

गावाकडे मात्र वेगळी कारणं होती. कुणी म्हणे बीपी, कुणी म्हणे नवऱ्यानं मारलं. नवरा बिचारा उंदीर दिसला तरी खाटेवर चढणारा. औषधं तर विचारूच नका. चंदन, तुरटी, मुलतानी माती, दृष्ट काढणं. औषधाच्या दुकानातल्या एका शहाण्यानं कसलीशी ट्यूब दिली. आठ दिवस तोंड गोरं झालं आणि मग असं भडकलं की काकी महिनाभर पदर ओढून फिरली. शेवटी सांगलीच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, याला रोझेशिया म्हणतात, हा दुसऱ्याला लागत नाही, पुरता जातही नाही, सांभाळून राहा, आणि ती ट्यूब आधी फेकून द्या. काकी परत आली ती खुशीत. "माज्या तोंडाला नाव हाय गं! इंग्रजी!"

आणि सगळ्यात मोठं कारण गावानं राखून ठेवलं होतं. पिते. कांदा-लसूण न खाणाऱ्या, सूर्य मावळायच्या आत जेवणाऱ्या जैनाच्या बाईबद्दल गाव म्हणत होतं, पिते.

आता आमच्या गावाचं सांगते. शाळेच्या वाटेवर देशी दारूचं दुकान, परवान्याचं. ते बंद करायचं तर गावातल्या बायकांनी मत द्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. अर्ध्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. पण मतदानाच्या आधी बायकांच्या सह्या लागतात आणि सरकारी अधिकाऱ्यासमोर येऊन प्रत्येकीनं "ही सही माझीच" असं सांगावं लागतं. सह्या आम्हाला काकीनं मिळवून दिल्या. मी पत्रकं वाटली ती बायकांनी भाकरीखाली घातली. काकीनं बांगड्या भरता भरता मनगट दाबून नुसतं विचारलं, "ह्यो वण कशाचा गं?" आणि बायका सही करत्या झाल्या.

पडताळणी सोमवारी होती. शुक्रवारी काकीचा फोटो गावभर मोबाईलवर फिरला. भर उन्हात रुमालाने तोंड पुसताना काढलेला, आणि खाली लिहिलेलं, "दारूबंदीवाली बाईच रंगलीया!"

मी पेटले. शनिवारी कराड गाठलं. म्हटलं, काकीचा फोटो आणि खाली आडवी बाटली, असा मोठा फ्लेक्स लावते, बघू दे गावाला. दुकानातल्या मुलानं तिचा फोटो पडद्यावर मोठा केला आणि विचारलं, "ताई, चेहरा साफ करू का जरा?"

भिंतीवर घड्याळ होतं. बारा वीस. मी म्हटलं, "कर."

त्यानं असा साफ केला की काय सांगू! गाल दुधासारखे, नाक चाफेकळी. वर आपल्या मनानं ओठांना रंगही दिला.

रविवारी सकाळी स्टँडसमोर फ्लेक्स लागला आणि गाव जमलं.

"ही कोण रं?"

"शिरियलीतली हाय. सासूचं काम करती."

"देखणी हाय, पर भायेरच्या बाईनं आमच्या गावात कशाला नाक खुपसायचं?"

तासाभरात मजल कुठवर गेली बघा. मुंबईची कुणी बाई आली आहे, दारूबंदीच्या नावाखाली बायकांच्या सह्या घेऊन रेशनकार्डं रद्द करणार आहे. दुपारपर्यंत चौदा घरांतून निरोप आले, आमी उद्या येत न्हाई. दारूच्या दुकानाचा मालक वर्षभर खपून जे करू शकला नसता, ते मी एका शब्दात करून दिलं होतं.

काकी स्टँडवर आली. मान वर करून बराच वेळ बघत राहिली.

"झ्याक हाय. कुणाची गं?"

मग तिनं फ्लेक्समधल्या कानांकडे बघितलं. कुड्या तिच्याच होत्या.

"मला पुसलंस व्हय?"

इतकंच म्हणाली. तोंड आमसुली झालं होतं. मी फ्लेक्स फाडायला धावले तर तिनं हात धरला. "फाडू नगं. जाड हाय. शेरडांच्या खोपटावर घालू. चल, चौदा घरं हायत."

चौदा घरं आम्ही दुपारच्या उन्हात फिरलो, जे ऊन तिला विषासारखं. प्रत्येक दारात ती सांगायची, "ती फ्लेक्सवरची मीच. ही पोरगी भ्याली म्हून तसं झालं." मी भ्यालेच होते, पण मला तिच्या तोंडाची लाजही वाटली होती. ते मी त्या चौदा दारांत बोलले नाही. इथे लिहिते आहे.

बायका मात्र खुदखुदत होत्या. "काकी, तुमी असल्या देखण्या हाय, कळूच दिलं न्हाई!" शेवटच्या घरी मोतीबिंदू झालेल्या आजी होत्या. सून सांगायला लागली, तर आजींनी काकीचा हात चाचपला आणि सुनेलाच झापलं. "ही आपली कासारीण हाय. दिसत मला न्हाई, आन् चुकताय तुमी!"

सोमवारी दहाला शाळेच्या फाटकापाशी दुकानमालकाचा मेहुणा चार दोस्त घेऊन उभा. काकी चालत आलेली, तोंड चटणी रंगाचं. तो मोठ्यानं ओरडला, "काकी, आदी तुमचं तोंड हुंगू द्या की! मग बाटली आडवी करा!"

दोस्त हसले. रांगेतल्या दोन बायका मागे सरकल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकी चालत त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. टाचा उंच केल्या.

"हुंग. हाऽऽऽ!"

तिनं त्याच्या नाकावरच श्वास सोडला.

"कसला वास आला?"

तो खाली बघायला लागला.

"सांग की रं, लाजतूस का? लाल मी झाले, का तू?"

"...वेलदोडा," तो पुटपुटला.

"आता तुजा दे."

तो दोन पावलं मागे गेला. सकाळचे सव्वादहा, आणि त्याचा वास मला सहा हातांवरून येत होता. तेवढ्यात मोतीबिंदूवाल्या आजी सुनेला धरून पुढे आल्या. "मलाबी हुंग रं बाबा. मिश्री लावल्या, आदीच सांगते." हाऽऽ! मागून एक ओरडली, "माजा लसणाचा ठेचा झालाय, माजी पाळी!" हाऽऽ! बघता बघता रांग लागली. कुणी पदर खोचून, कुणी तोंडात बडीशेप टाकून. आतून अधिकारी मॅडम रजिस्टर घेऊन बाहेर आल्या. "ही रांग कसली?"

"हुंगायची हाय, मॅडम. सहीची येती मागनं."

मेहुणा मोटरसायकलवर बसला. किक मारतोय, मारतोय, गाडी सुरू होईना. शेवटी बायकांनीच ढकलून दिली. त्या दिवशी चौदाच्या चौदा घरांतल्या आल्या. ठसठशीत आवाजात, "सही माजीच."

मतदान झालं आणि बाटली आडवी झाली. शाळेच्या पटांगणात गुलाल उडाला. मॅडमसुद्धा सुटल्या नाहीत. आणि काकी भिंतीला टेकून लांब उभी, गालाला ओला रुमाल. डॉक्टरीणबाईंनी रंग, गुलाल सगळं बंद केलेलं. मी तिच्यापुढे हात पसरून पहारा देत होते. तिनं पटांगणाकडे बघितलं, लाल गाल, लाल नाकं, लाल हनुवट्या, आणि पोट धरून हसत सुटली. "समद्यास्नीच झालं की गं रोझेशिया!"

मग ठेचावाली मुठीत गुलाल घेऊन आली. मी आडवी आले.

"सर बाजूला," ती मला म्हणाली आणि काकीपुढे उभी राहिली. "काकी, हात द्या हिकडं. तोंडाकडं बघत न्हाई आमी."

काकीनं दोन्ही हात पुढे केले. एकामागून एक बायका आल्या आणि तिचे हात कोपरापर्यंत गुलालानं माखून गेल्या. तेव्हा ती रडली की उन्हानं डोळे चुरचुरले, मी विचारलं नाही. तोंड मात्र राणी रंगाचं होतं. हलकं, सकाळचं.

आमच्या शेरडांच्या खोपटावर तो फ्लेक्स अजून आहे. काकी मात्र सध्या आमच्या उंबऱ्यात नसते. पलीकडच्या तालुक्यातल्या बायकांनी तिला पेटीसकट नेलंय. तिथेही एक बाटली उभी आहे. तिथे तिला कुणी ओळखत नाही, म्हणजे बीपी, नवरा, चंदन, पिते, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून तुम्हाला सांगते. ती तुमच्या गावात येईल. ती नाही तर तसलंच लाल तोंड घेऊन दुसरं कुणी येईल, शेजारी राहील, दुकानात भेटेल. काय झालं म्हणून विचारू नका. औषध सांगू नका. फोटोत पुसू नका. चहा निवू द्या, आणि हात पुढे करा.