चक्कीवरचं वजन

माझी मुलगी चवळीची शेंग आहे, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. पण सांगणाऱ्यांची कधी वानवा पडली नाही. आमच्या कामठीच्या गल्लीत बायका आधी तिच्या मनगटाकडे बघायच्या आणि मग माझ्या दंडाकडे. त्या दोन नजरांच्या मधला प्रश्न मला पाठ झाला होता. पोरीच्या वाटचं आईच खाते की काय?

ती कबड्डी खेळते. ही गोष्ट घडली तेव्हा नुकतीच सातवीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. चढाईला गेली की समोरच्या पोरी सावध व्हायच्या आत एखादीला शिवून ही आपल्या अंगणात परत. पण एकदा कोणाचा हात कमरेला पडला की संपलं. भरलेली कळशी ओट्यावरून उचलून खाली ठेवावी तसं तिला उचलून बाजूला ठेवायच्या.

शाळेला सुट्ट्या लागल्या त्या दिवशी तिच्या सरांनी मला मैदानावर बोलावून घेतलं. जून महिन्यात जिल्ह्याच्या संघाची निवड होती. सर चांगला माणूस, उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवणारा नाही.

"ताई, खेळ तिचा चांगलाच हाय," ते म्हणाले, "पण अंगात वजन नाही. हात लागला का उडते. दोन-तीन किलो वाढवा, नाही तं मी तिले उतरवू शकत नाही. हाडबीड मोडलं तं काय करायचं?"

बाजारातले पावडरचे डबे आणू नका, घरचंच द्या, थोडं थोडं चार वेळा द्या, झोपू द्या, असंही सांगितलं. मुलगी बाजूलाच उभी होती, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. तिला तो संघ किती हवा होता हे मला माहीत होतं. जर्सीवर कोणता नंबर मागायचा हेसुद्धा तिनं ठरवून ठेवलं होतं.

आता उन्हाळा आणि वजन वाढवणं, हे नागपूरकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. इथे मे महिन्यात धडधाकट बाप्यांची भूक मरते. कूलरसमोर पडून माठातलं पाणी ढोसणं एवढाच काय तो आहार. त्यात ही पोरगी पहाटे मैदानावर, संध्याकाळी मैदानावर, आणि मधल्या वेळात घरातल्या घरात दार-खिडकीला शिवाशिवी करत फिरणार. मी एका बाजूनं भरायचं आणि तिनं दुसऱ्या बाजूनं घाम गाळून टाकायचं.

तरी मी कंबर कसली. सकाळी उकडलेली अंडी, केळी. वरणावर तूप, ते तिला दिसू नये म्हणून आधीच कालवलेलं. डाळीच्या भरड्याचे गोळे घालून गोळाभात केला, त्यावर कडकडीत तेल. जवसाची चटणी, दही, सातूचं पीठ गूळ घालून. शेंगदाणा आणि खजुराचे लाडू तर असे वळले की मिक्सरनं मान टाकली. ती नाही म्हणायची नाही. तोच तर त्रास. नाही म्हणाली असती तर भांडता आलं असतं. ती घास तोंडात घ्यायची आणि फिरवत बसायची, माझ्याकडे बघत. मीही तिच्या तोंडाकडे बघत. ताटातलं संपेस्तोवर आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे.

मी नागपुरात सदरला एका ऑफिसात कामाला आहे. दुपारी फोन करायची, जेवलीस का. हो म्हणायची. काय जेवलीस. सगळं. फोन ठेवला की मला वाटायचं, सगळं म्हणजे काय? भिंतीपलीकडचं जेवण कोणाला दिसतं? शेअर ऑटोत घरी येताना शेजारी एखादं गुटगुटीत लेकरू बसलं की मी त्याच्या आईकडे बघायची, काय घालते ही बाई? विचारायची लाज वाटायची.

डॉक्टरांकडेही नेलं. त्यांनी तपासलं, रक्त बघितलं, सगळं ठीक आहे म्हणाले. अंगकाठीच तशी आहे, खेळते आहे, वाढीचं वय आहे, आपल्या वेळेनं भरेल. मी विचारलं, ती वेळ जूनच्या आधी येईल का? ते हसले. मला हसू आलं नाही.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "माह्याकडं पाह्य ना. लग्नात तुह्या बापानं मले पाहून काय म्हटलं होतं?" बाप काय म्हणाले होते ते मी इथे लिहीत नाही. नवरा आजही तसाच आहे, शर्ट हँगरवर असल्यासारखा. त्याचं म्हणणं, वंशातच नाही तर तू कुठून आणशील. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, वंशाला खाऊ घालायला तुम्हीच या उद्या सकाळी स्वयंपाकघरात. तो बिचारा आलासुद्धा, अंडी सोलून दिली.

घरात वजनकाटा नव्हता. आमच्या गल्लीत कोणाकडेच नाही, कारण चक्की आहे. दर रविवारी दळण घेऊन जायचं. गहू तेलाच्या रिकाम्या पिप्यात न्यायचे, सगळ्यांचे पिपे एकाच मापाचे. चक्कीवाले काका पिप्याचं वजन सोडून फक्त गव्हाचे पैसे घेतात, याबद्दल त्यांची ख्याती आहे. दळण झालं की काटा लेकरांचा. गल्लीतली सगळी पोरं बाळपणापासून तिथेच वजन करत आली. पिठानं पांढऱ्या झालेल्या त्या लोखंडी पाट्यावर पोर चढलं की काका आकडा मोठ्यानं सांगतात, आणि रांगेतल्या बायका त्यावर आपलं मत देतात.

त्या उन्हाळ्यात रविवार आला की माझा जीव टांगणीला लागायचा. ती चढायची, काका आकडा सांगायचे, आणि तो तोच असायचा. कधी पावभर वर, कधी पावभर खाली. एकदा एक म्हातारी म्हणाली, "काहून वं, पोरीले उपाशी ठेवून राहिली का?" मला त्या काट्यावर स्वतः उभं राहून रडावंसं वाटलं. आपलंच मूल, आपल्याच हातचं खातं, आणि त्याच्या अंगावर मूठभर मांस चढवणं आपल्या हातात नाही, ही गोष्ट मी कोणाला समजावून सांगणार होते?

निवडीच्या आधीच्या रविवारी आम्ही चक्कीवर पोचलो आणि लाईट गेली. बराच वेळ रांग तशीच उभी राहिली, सगळ्या पदरानं वारा घेत. लाईट आली, चक्की धडधडायला लागली, आमचं दळण झालं. मुलगी काट्यावर चढली. काका आकडा बोलले आणि मी म्हटलं, पुन्हा सांगा. एक किलोहून जास्त वाढलं होतं.

मला काय झालं ते सांगता येत नाही. मी तिथे, त्या पिठाच्या धुराळ्यात, मोठ्यानं हसले. त्या म्हातारीलाही सांगितलं, आकडा बघून घ्या म्हटलं. घरी जाताना जिलबी घेतली. सरांना फोन केला, सुरुवात तर झाली म्हटलं, माहेरी फोन केला, नवऱ्याला वंशाची आठवण करून दिली. खजुराच्या लाडवांनीच केलं, असं मी ठरवून टाकलं आणि त्याच रात्री आणखी वळले. मुलीनं जिलबीचा एक तुकडा खाल्ला आणि दिवसभर माझ्या मागे मागे राहिली. मला वाटलं, तीही खूश आहे.

निवड नागपूरच्या एका शाळेच्या मैदानावर होती. सुट्टी टाकून मीही गेले. पहिल्या दोन चढायांत तिनं गडी टिपले आणि सर माझ्याकडे बघून हसले. तिसऱ्या चढाईला कन्हानकडच्या एका मुलीनं तिला कमरेत धरलं. चांगली भरलेली, शांत मुलगी होती ती, तिच्यात राग नव्हता. तिनं फक्त हिला उचललं आणि रेषेपासून लांब ठेवलं. पुढच्या वेळी तसंच, आणि त्याच्या पुढच्या वेळीही. कोपर सोललं होतं, तरी ही पुन्हा पुन्हा हात वर करून चढाई मागत होती. मी कुंपणाची जाळी धरून उभी होते. घरून आणलेला लाडवांचा डबा माझ्या पिशवीत होता, आणि त्याचा तिथे काडीचा उपयोग नव्हता.

यादीत ती नव्हती. मी सरांना म्हटलं, अहो, किलोभर तर वाढलंय. ते म्हणाले, "वाढलं कुठं ताई? आज सकाळीच केलं इथं. परीक्षेच्या आधी शाळेत केलं होतं तेव्हा जेवढं होतं, तेवढंच हाय." मी चक्कीचं सांगत राहिले, पावतीशिवाय वस्तू बदलून मागणाऱ्या गिऱ्हाइकासारखी. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षी पाहू म्हणाले.

परत येताना ऑटोत आम्ही दोघीच मागे होतो. कामठी रोडवर गरम वारा तोंडावर येत होता. ती बाहेर बघत म्हणाली, "आई, त्या दिवशी लाईट गेली होती."

मला कळलं नाही. मग तिनं सांगितलं. काका सकाळी काट्यावर रिकामा पिपा ठेवून तिथे शून्य करून घेतात, म्हणजे पिप्याचं वजन आपोआप वजा होतं. ती चढायची तेव्हा तिच्या वजनातूनही पिपा वजा व्हायचा. त्या रविवारी लाईट गेली, काटा बंद पडला, आणि पुन्हा चालू झाला तो साध्या शून्यावर. पिपा वजा झाला नाही, एवढंच. वजन होतं तेवढंच होतं, सगळ्या उन्हाळ्यात.

"तुले तेव्हाच समजलं होतं?"

तिनं हो म्हणून मान हलवली.

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तू हसून राहिली होती," ती म्हणाली.

मी तिच्या सोललेल्या कोपराखाली हात धरून बसले. दुसरं काय करणार होते? म्हणजे पोरगी मैदानावर गेली ती आपण पडणार हे माहीत असून गेली, आणि त्या सगळ्या दिवसांत माझे लाडूही खात राहिली.

पुढच्या रविवारी दळणाला जायचंच होतं, पीठ संपलं होतं. मी एकटी निघाले तर ती पिप्याचा एक कान धरून सोबत आली. दळण झालं. काकांनी सवयीनं काट्याकडे हात केला, "चढ वं बाई, पाहू." मी नको म्हणणार तेवढ्यात ती चढलीसुद्धा. आकडा तिच्या मागे भिंतीवर लागतो. ती मागे वळली नाही. ती तिथे पिठाच्या पाट्यावर ताठ उभी राहिली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि मला माझ्या चेहऱ्याचं काय करावं ते कळेना.