बाहेर शेळ्या, आत मी

मैत्रिणींनो, आज मी माझ्याच परसबागेत कोंडले गेले. हसू नका.

भात कापून झालं की आमच्याकडे गुरं-शेळ्या मोकळ्या सोडतात. मग परसबागेचं कारवीच्या काठ्यांचं कुंपण काटे लावून घट्ट करावं लागतं. सकाळी मी आत वालाच्या शेंगा तोडत होते. जामसरला आईकडे जायचं होतं, तिच्यासाठी. वेलाच्या मांडवाआड बसलेली मी सासऱ्यांना दिसले नाही. फाटक नुसतं लोटलेलं बघून त्यांनी ते बाहेरून तारेनं आवळलं आणि खोडाळ्याच्या बाजाराला निघून गेले. मला कळलं तेव्हा ते पार रस्त्याला लागले होते. तारेच्या गाठीपर्यंत आतून हात पोचेना.

फोन घरात. नवरा ठाण्याला कामाला. बाजाराचा दिवस, त्यामुळे पाड्यावर हाकेला ओ द्यायला कोणी नाही.

कारवीच्या चार काठ्या मोडल्या असत्या तर सुटले असते. हातही घातला होता. पण पलीकडे शेळ्या तोंड लावून उभ्याच! वांगी, मिरच्या, वाल, सगळं मीच पाणी घालून वाढवलेलं. हात मागे घेतला. तेवढ्यात जामसरच्या एसटीचा हॉर्न ऐकू आला. गेली. रडूच आलं मला. आई वाट बघत बसली असेल.

दुपारी सासरे आले, मला बघून कपाळाला हात लावला. "गे, कुंपण मोडून जायचं ना! मी संध्याकाळी परत बांधलं असतं."

त्यांच्यावर चिडायला गेले, पण चिडू तरी कशी? तार त्यांनी बांधली, आत बसून राहिले मीच.

खरं सांगा, तुम्ही मोडलं असतं?