उशिरा दाबलेलं बटण

बाबांना आता फारसं दिसत नाही. समोरच्या माणसाचा चेहरा मधोमध पुसून टाकल्यासारखा दिसतो, कडेकडेचं तेवढं कळतं. तरी रविवारी दुपारचा चहा झाला की ते आपल्या खोलीतल्या जुन्या फुगीर टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसतात आणि मला हाक मारतात, "येतेस ना? लाव बघू गेम."

तो गेम मी दहावीत असताना त्यांनीच आणला होता, माझ्या धाकट्या भावासाठी. भाऊ दोन महिन्यांत कंटाळला. मी चिकटले ती चिकटलेच. पिवळी कॅसेट, तिच्यावरचा कागद कधीच निघून गेलेला, त्यामुळे गेमचं नावसुद्धा विसरलं. एक बुटका छत्रीवाला माणूस पडक्या किल्ल्यातून पळत जातो. खड्डे ओलांडायचे, वटवाघळं चुकवायची. मध्येच थांबून पुढचा खेळ उद्या खेळू, अशी सोय नाही. तीन जीव संपले की पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या टप्प्यात एक लाकडी पूल येतो. पाय पडला की एकेक फळी कोसळत जाते आणि शेवटची फळी पडायच्या आत अगदी टोकावरून उडी घ्यावी लागते. जरा आधी घेतली तरी खड्ड्यात, जरा नंतर घेतली तरी खड्ड्यात. ही उडी माझी वर्षानुवर्षं चुकली नव्हती.

बाबा स्वतः कधी खेळले नाहीत. ते ऐकतात. नोकरीची सुरुवातीची वीस वर्षं त्यांनी नामपल्ली स्टेशनच्या तारघरात काढली. यंत्राची कटकट ऐकून पलीकडच्या स्टेशनवर आज कोणता तारबाबू बसलाय हे ते सांगायचे. "प्रत्येकाचा हात वेगळा असतो," असं म्हणायचे. गेमचंही तसंच. फळी पडल्याचा आवाज, बटणाचा खटका, उडीची बारीक शीळ, एवढ्यावर त्यांना छत्रीवाला कुठवर आला ते कळतं.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी मी त्या पुलावरून पडले. दुसऱ्यांदा गेले, पुन्हा पडले. तिसरा जीवही तिथंच गेला.

"गेमचा रिमोट गेला वाटतं," मी म्हणाले. "एवढं जुनं रबर, किती टिकणार?"

बाबा खुर्ची मागे सारून उठले.

बुधवारी माझा दवाखाना दुपारी बंद असतो. मी दातांची डॉक्टर आहे. त्या बुधवारी कुकटपल्लीहून मेट्रो पकडून सुलतान बाजारला गेले. मागच्या गल्लीत रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे एक म्हातारे मियाँ बसतात. त्यांनी रिमोट उघडला, आतली पट्टी पुसली, नवं रबर बसवलं, कानाजवळ धरून चारपाच वेळा बटण दाबलं.

"इसमें खराबी कुच नै थी अम्मा," ते म्हणाले. "आप बोले तो रबर बदल दिया मैं. बटन पैले बी अच्छाच था."

परतीच्या गाडीत रिमोट मांडीवर होता आणि मी सारखी अंगठा चाळवत होते. गेले काही महिने सकाळी उठल्यावर उजवा हात बधिर असायचा. झटकला की जायचं. दोनदा चहाचा कप हातातून सुटला होता. हे सगळं मला माहीत होतं, पण एका ओळीत मांडून बघायची माझी तयारी नव्हती. कारण आईला कंपवात होता. सहा वर्षं बाबांनी आणि मी तिचं केलं. तिचंही उजव्या हातापासूनच सुरू झालं होतं.

पुढच्या रविवारी नव्या रबरानिशी मी खेळायला बसले. पुलावर पोचले आणि पडले.

"थांब," बाबा म्हणाले. "तू उशिरा दाबतेस."

"मी नेहमीसारखंच दाबतेय."

"नाही. फळीचा आवाज होतो, मग खटका येतो. पूर्वी मध्ये एवढी जागा नसायची. हात बदललाय तुझा."

"तुमचे कान थकलेत आता, बाबा!" मी जवळजवळ ओरडले आणि टीव्ही बंद केला. वाईट बोलले, हे तेव्हाच कळलं. माफी मागितली नाही. घरात आम्ही दोघंच असतो. त्या दिवशी जेवताना ताटवाट्यांचे आवाज तेवढे होते.

मग पंधरा दिवस मी नेहमीसारखं काम केलं. आज हे लिहिताना लाज वाटते. अंगठा झोपतोय हे ठाऊक असताना मी लोकांच्या तोंडात हात घालत होते. अवघड दाढ आली की पुढची तारीख द्यायचे, सोपी कामं उरकायचे, आणि दर पेशंटनंतर हातमोजे काढून अंगठा नि करंगळी एकमेकांवर दाबून बघायचे.

मग एका गुरुवारी एक शाळेतल्या बाई आल्या. खालची दाढ, रूट कॅनॉल. अर्धं काम झालं होतं. ड्रिल चालू होतं, दाढेच्या अगदी शेजारी त्यांची जीभ. आणि एकाएकी ड्रिलचा दांडा मला जाणवेनासा झाला. बोटांत तो होता, डोळ्यांना दिसत होता, पण अंगठ्याला त्याचा पत्ताच नव्हता. मी पायाखालचं पेडल सोडलं. ड्रिल थांबलं. डाव्या हाताने उजवं मनगट धरून मी ते त्यांच्या तोंडातून बाहेर काढलं.

बाईंनी डोळे उघडले. "अय्यिपोयिंदा, डॉक्टर?" झालं का, असं विचारत होत्या.

खोटं बोलणं सोपं होतं. हिरडी सुजलीये, आठवड्याने बघू, एवढं म्हटलं असतं तरी त्या उठून गेल्या असत्या.

"नाही झालं," मी म्हणाले. "माझ्या हाताला बरं नाहीये. आज तात्पुरतं भरून देते. उरलेलं काम दुसरे डॉक्टर करतील, मी स्वतः त्यांच्याशी बोलते."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि खुर्चीतल्या खुर्चीत किंचित मागे सरकल्या. ते सरकणं मी विसरलेले नाही.

दवाखान्याला कुलूप लावून भर दुपारी घरी आले. बाबा रेडिओ ऐकत होते. माझं पाऊल ऐकताच त्यांनी रेडिओ बंद केला. मी सगळं सांगितलं. बोलता बोलता रडायला लागले.

"तुम्हाला कधीपासून कळलं होतं?" मी विचारलं.

"श्रावणापासून."

"आणि बोलला नाहीत?"

"तुझी आई पोळ्या लाटायची ना, त्याचा ठेका बिघडला होता. पोळपाटावर लाटणं मध्येच अडायचं. मी बाहेरच्या खोलीतून ऐकायचो. वर्षभर ऐकलं आणि बोललो नाही. वाटायचं, बोललं तर खरं होईल. तुझ्या वेळीही तसंच करत होतो. मग त्या दिवशी राहवलं नाही."

मी त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. कानांबद्दल जे बोलले होते त्याची माफी तेव्हा मागितली. "हौ, हौ, राहू दे ते," म्हणाले. "उद्या डॉक्टरकडे जायचं. मी येतो."

मेंदूच्या डॉक्टरांनी मला चालायला लावलं, चुटक्या वाजवायला लावल्या, कागदावर गोल गोल काढायला सांगितले. आईलाही हेच करायला सांगितलेलं मला आठवत होतं. तिचे गोल लहान लहान होत गेले होते. मी शक्य तितके मोठे काढले. मग त्यांनी नसांच्या तपासणीला पाठवलं. अंगठ्याच्या बुडाशी पट्ट्या चिकटवल्या, मनगटावर विजेचे बारीक झटके दिले. झटका बसला की अंगठा आपोआप उडतो, आणि किती वेळाने उडाला हे यंत्र मोजतं. शेजारच्या खुर्चीवर बाबा मान वाकवून त्या यंत्राचे टिकटिक आवाज ऐकत बसले होते.

"कंपवाताचं एकही लक्षण नाही," डॉक्टर कागद बघून म्हणाल्या. "मनगटातली नस दबलीय. त्यामुळे निरोप अंगठ्यापर्यंत उशिरा पोचतोय. तुमच्या धंद्यात होतं हे."

"म्हणजे तारबाबू ठीक आहे, लाइन खराब आहे?" बाबांनी विचारलं.

डॉक्टरांना ते काही समजलं नाही. मला एकदम हसू आलं आणि हुंदकाही आला.

पण डॉक्टरांचं बोलणं संपलं नव्हतं. नस फार दिवस दबलेली होती, अंगठ्याखालचा मांसल भाग सुकायला लागला होता. ऑपरेशन करावं लागेल. ताकद किती परत येईल ते आज सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या.

ऑपरेशन छोटंच होतं. तीन महिने दवाखाना एका मैत्रिणीने सांभाळला. त्या शाळेतल्या बाईंची दाढही तिनेच पूर्ण केली. मी घरी रबरी चेंडू दाबत बसायचे. बधिरपणा आठवड्याभरात गेला. ताकद सावकाश आली, आणि सगळी काही आली नाही. अक्कलदाढा मी आता काढत नाही. तसे पेशंट मैत्रिणीकडे पाठवते. सुरुवातीला हे सांगताना जीभ अडखळायची.

कामावरच्या पहिल्या सकाळी एक रिटायर्ड गृहस्थ आले. वरच्या दातातली साधी पोकळी भरायची होती. पूर्वी मी ती बोलता बोलता भरली असती. त्या दिवशी मी एक शब्द बोलले नाही.

"आज फार वेळ घेतलात," चूळ भरून ते म्हणाले.

"हो, घेतला," मी म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.