पडद्यावरून टाइप केलेली कोटेशनं

सुगंधा तावडे मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, पंप बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत टायपिस्ट होती. वडील कामाला होते ती गिरणी संपानंतर पुन्हा उघडलीच नाही, तेव्हापासून दहिसरचं घर तिच्या पगारावर चालत होतं. म्हणून सत्त्याऐंशी साली कंपनीत कॉम्प्युटर आला, त्याला हार घातला गेला, तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले. सुगंधाने मात्र आपला पेढा कागदात गुंडाळून ठेवला.

"सुगंधाबाई, आता टाइपरायटर भंगारात!" मालक चंद्रप्रकाश शेठ खुशीत म्हणाले.

घरी आईने विचारलं, "मगे तुका कामावरसून काढतले काय गो?"

सुगंधा कॉम्प्युटर शिकली. लवकरच पडद्यावर कोटेशन झकास मांडता येऊ लागलं. फक्त ते कागदावर उतरेना. प्रिंटरचा दिवा लागायचा, बाकी ढिम्म.

कॉम्प्युटर विकणाऱ्यांकडचा इंजिनीअर नंदकिशोर आला. त्याने केबल बदलली, प्रिंटर बदलला, विजेच्या दाबाला दोष दिला आणि चहा पिऊन गेला. पण शेठनी तोवर सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून टाकलं होतं की आमची कोटेशनं आता कॉम्प्युटरवर निघतात. मग तोडगा निघाला. सुगंधाने कोटेशन कॉम्प्युटरवर बनवायचं आणि पडद्यावर बघून टाइपरायटरवर टाइप करायचं. काम दुप्पट झालं. कॉम्प्युटरमुळे वेळ वाचतो, असं शेठ सगळ्यांना सांगत राहिले.

एकदा नाशिकचे मोठे गिऱ्हाईक, सहदेवराव, मुद्दाम कॉम्प्युटर बघायला आले. घाईघाईने टाइपरायटर स्टोअररूममध्ये हलवला गेला.

"माझं कोटेशन माझ्यासमोर काढा ना," ते म्हणाले.

शेठचा चेहरा उतरला. सुगंधाने घाईने पडद्यावरचे आकडे तळहातावर उतरवले आणि ती उठली. "प्रिंटिंग आत होतं, साहेब. इथे धूळ फार."

आतून टकटक सुरू झाली. "मशीन जोरात चालतंय," सहदेवराव कौतुकाने म्हणाले. आत सुगंधा भराभर टाइप करत होती. एक अक्षर चुकलंच. तिने खोडरबराने घासून त्यावर दुसरं मारलं.

कागद उजेडात धरून सहदेवरावांनी विचारलं, "कॉम्प्युटरपण चुकतो?"

"चुकतो," शेठ म्हणाले, "पण स्वतःच खोडतो!"

सहदेवराव थक्क झाले. ऑर्डर तिथेच पक्की झाली. सुगंधा पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेली आणि पदर तोंडाला लावून पोटभर हसली.

पुढे नंदकिशोर पुन्हा आला आणि या खेपेला त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडला. "अरेच्चा! पडद्याच्या कार्डावर प्रिंटर जोडायचं एक पोर्ट, या जादा कार्डावर दुसरं. दोघांचा पत्ता एकच ठेवलाय. एका नंबरच्या दोन खोल्या असल्या तर पोस्टमन काय करील?" त्याने जादा कार्डावरची जंपर नावाची चिमुकली टोपी काढून शेजारच्या पिनांवर बसवली. प्रिंटर किंचाळत सुरू झाला.

सुगंधाला वाटलं, आपली वाट लागली.

छापील कोटेशनं रवाना झाली. आठवड्याभरात सहदेवरावांचा फोन आला. "शेठ, कॉम्प्युटर बिघडला वाटतं. अक्षरं नुसती ठिपक्यांची! आधी कशी ठसठशीत अक्षरं यायची."

शेठनी फोन ठेवून प्रिंटरवर कापड टाकलं. मग म्हणाले, "सुगंधाबाई, मोठ्या गिऱ्हाइकांची कोटेशनं जुन्या पद्धतीनेच काढू या."

तिला बढती मिळाली. हुद्दा कॉम्प्युटर ऑपरेटर. प्रिंटरवर कंपनीचे आतले हिशेब निघत राहिले. महत्त्वाचं सगळं सुगंधा टाइप करत राहिली. दहिसरच्या चाळीतल्या बायका आपल्या पोरींना घेऊन तिच्याकडे येऊ लागल्या. "हिला कॉम्प्युटरच्या क्लासला घालू ना गं?"

"घाला की," सुगंधा गंभीरपणे म्हणायची, "पण आधी टायपिंग पक्कं करून घ्या."