बाबांची पाठ

कारिदिया नाचण्यासाठी घर सोडून निघाली, तेव्हा वडिलांनी, बोबो-जुलासो शहरातल्या मोटरसायकल मेकॅनिक लासिना मिलोगोंनी, तिच्याकडे पाठ फिरवली. कलाकारांना घरचेच कसे दूर लोटतात, यावर तिने पुढे नाच बसवला. त्यात शेवटी ती स्वतःच बाप होऊन पाठ फिरवत असे.

चार वर्षांनी तिच्याच मोहल्ल्यात प्रयोग झाला. संपल्यावर गर्दीतून बाबा पुढे आले.

"राग आला, बाबा?"

"राग कसला? छान नाचलीस. पण पोरी, मी कुठे पाठ फिरवली होती? तू दिसेनाशी होईपर्यंत दारात उभा होतो. तूच वळून बघितलं नाहीस."

"बघितलं होतं! तुमचा निळा सदरा पाठमोरा दिसला मला."

"निळा? तसला सदरा माझ्याकडे कधी होता गं?"

तिने आईला विचारलं. आई म्हणाली, "मी रडत होते बाई, मला कुठलं दिसतंय!"

पुढच्या प्रयोगात पाठ फिरवायची ती जागा आली आणि कारिदियाचे पाय अर्ध्यातच थबकले. ना पाठ, ना तोंड. लोक श्वास रोखून बघत राहिले. सगळ्यांना वाटलं, नाचच तसा बसवलाय. तिला मात्र कुठे वळायचं तेच कळत नव्हतं.