चौदावी ओव्हर

मॅच चालू असताना कुणीही जागेवरून हलायचं नाही, हा आमच्या ग्रुपचा नियम. तो मीच केला आणि मीच राबवायचो. आम्ही पाच जण, सगळे मराठी, सगळे क्रिकेटवेडे. चौघे शारजात कुटुंबासह राहणारे नोकरदार आणि पाचवा तो. चिपळूणकडचा, साइटवर फोरमन. बायको गावाला, हा दुबईतल्या बर दुबई भागात तिघांबरोबर एका खोलीत. वर्षातून एकदा बायकामुलांना घरी ठेवून आम्ही वीकेंडला कुठेतरी जायचो, दोन दिवस फक्त मॅच बघायला. बायका म्हणायच्या, टीव्ही घरी नाही का? आता त्यांना काय सांगणार!

तो आमचा स्कोअरर. मोबाइलवर सगळं दिसतं, तरी हा जाड वहीत पट्टीने चौकोन आखून, टोकदार पेन्सिलीने बॉल न् बॉल लिहायचा. अक्षर मोत्यासारखं. मी त्याला चिडवायचो, "तुझ्या साइटच्या भिंती तरी इतक्या सरळ असतात का रे?" तो फक्त हसायचा. कुणाचं मन मोडणं त्याला जमायचं नाही. आणि मी पडलो तोंडाळ. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मी सांगतोय त्याच्या आदल्या वर्षी असाच एक सामना रंगात आला होता. हा पाणी प्यायला उठला आणि त्याच बॉलला विकेट गेली. सामना हातचा गेला. मी त्याचं नाव 'पनवती' ठेवलं. गमतीतच, पण वर्षभर सोडलं नाही. ग्रुपवर कुठलीही विकेट पडली की मी लिहायचो, "बघा रे, कोण उठलं?" तोही हसण्याच्या बाहुल्या पाठवायचा. त्याला ते किती लागलं होतं ते मला फार उशिरा कळलं.

त्या खेपेला फुजैराकडे डोंगरात एक फार्महाउस भाड्याने घेतलं. शुक्रवारी दुपारी निघालो. सामना शनिवारी, ऑस्ट्रेलियात, म्हणजे आमच्याकडे सकाळी. त्यांचा डाव आटोपला, पावणेबाराला आपला सुरू झाला आणि बाराव्या ओव्हरपर्यंत तिघे आउट. मी सगळ्यांवर डाफरत होतो. मग पुढची जोडी जमली. मी फर्मान काढलं, "खलास! जो जिथे आहे तिथेच. आता कुणी हललं तर याद राखा."

चौदावी ओव्हर चालू होती. माझ्या शेजारच्या खुर्चीवरून तो हळूच म्हणाला, "हाताला मुंग्या आल्यात रे. बोटं बधिर झाल्यासारखी वाटतायत. जरा उठू का? पाय मोकळे करून येतो."

मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणालो, "गप बस रे, पनवती. हललास तर बघ."

तो बसला.

थोड्या वेळाने त्याने पेन्सिल डाव्या हातात घेतली. ते मात्र मी पाहिलं. म्हणालो, "काय रे, स्टाइल मारतोस काय?" सगळे हसले. तोही हसला असेल. मी परत टीव्हीकडे बघायला लागलो.

तीनच्या सुमारास आपण जिंकलो. आम्ही खुर्च्यांवर चढून नाचलो, घसा बसेपर्यंत ओरडलो. तो बसूनच होता, डोळे अर्धवट मिटलेले. पहाटेपासून जागा आहे, डुलकी लागली असेल असं वाटलं. एकाने त्याच्या अंगावर चादर टाकली. मी म्हणालो, झोपू दे बिचाऱ्याला, आणि आम्ही जेवायला बसलो. बिर्याणी होती. एकेक चौकार पुन्हा पुन्हा आठवत चांगला तासभर जेवलो. मी दोनदा वाढून घेतलं.

सव्वाचारला उठवायला गेलो तर तोंड एका बाजूला ओघळलेलं. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणायचा प्रयत्न करत होता, पण नुसता आवाज यायचा. उजवा हात उचलला तर हातातून दगडासारखा खाली पडला. त्याला उचलून गाडीत घातलं. अक्कल सुचेल तसं निघालो. ॲम्ब्युलन्स बोलवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

पाचला हॉस्पिटलात पोचलो. डॉक्टर पेशावरकडचे होते, हिंदीत बोलले. पहिलाच प्रश्न, "शुरू कब हुआ? ठीक टाइम बताइए."

बाकी तिघांनीही माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हणालो, "अभी, खाने के बाद. चार बजे."

का बोललो? लाज वाटली म्हणून. दुसरं काही कारण नाही, आणि मी शोधतही नाही.

त्याला स्कॅनला नेलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, मेंदूत गुठळी आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यानंतर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो. चार वाजता झालंय, म्हणजे भरपूर वेळ आहे, देतो. नर्स तयारीला लागली.

मी धावत बाहेर गेलो. गाडीतून त्याची पिशवी आणली, वही काढली आणि डॉक्टरांसमोर धरली.

क्रिकेट कळणारा माणूस होता तो. काही समजावून सांगावं लागलं नाही. तेराव्या ओव्हरपर्यंत ठिपके चौकोनात नीट बसलेले. चौदाव्यात ते रेषेबाहेर गेले. सोळाव्यात आकडे एकमेकांवर चढले. अठराव्यापासून पहिलीतल्या पोराचं असावं तसं डाव्या हाताचं अक्षर, मोठं, वाकडं. पण एकही बॉल सुटला नव्हता. शेवटच्या चौकाराभोवती त्याने गोल काढायचा प्रयत्न केला होता. तो जुळला नव्हता.

डॉक्टरांनी चौदाव्या ओव्हरवर बोट ठेवलं. "यह कितने बजे?"

"बारा पचास."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पाच पस्तीस. नर्सला हातानेच थांबवलं. मग मला विचारलं, "आपने आते ही क्यों नहीं बताया?"

म्हणजे आलो तेव्हा वीस मिनिटं हातात होती. नंतर मी त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं, आल्या आल्या सांगितलं असतं तर? ते म्हणाले, स्कॅनलाही वेळ जातोच, कदाचित तेव्हाही जमलं नसतं. कदाचित. वरातीमागून घोडं म्हणतात, ते मी नाचवत नेलं होतं.

तो वाचला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. दोन महिन्यांनी कंपनीने व्हिसा रद्द करून त्याला व्हीलचेअरवरून गावी पाठवलं. विमानतळावर त्याने डाव्या हाताने माझा गाल थोपटला. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. वहिनींना आम्ही एवढंच सांगितलं होतं, जेवणानंतर अचानक झालं. वही माझ्याकडेच राहिली, शारजातल्या अल मजाजच्या घरात, पासपोर्टांच्या ड्रॉवरमध्ये.

गेल्या महिन्यात सामना होता, मी घरीच मुलीबरोबर बघत होतो. वहिनींनी व्हिडिओ कॉल लावून फोन भिंतीला टेकवला, म्हणजे आम्हाला बरोबर बघता यावं. आपले लागोपाठ दोघे गेले. मी पाणी आणायला उठलो. फोनमधून घशातला आवाज आला. तो डावा पंजा खाली दाबत होता, पुन्हा पुन्हा.

माझी मुलगी म्हणाली, "बाबा, ही इज टेलिंग यू टू सिट."

वहिनी हसल्या. "मॅच चालू असली की कुणाला उठू देत नाहीत बघा. आणि भावोजी, त्यांची ती वही कुठे सापडेल का हो? सारखे लिहिल्यासारखी बोटं करतात."

मी बसलो. आणि तोंडातून निघून गेलं, "वहिनी, वही माझ्याकडे आहे. जेवणानंतर नव्हतं झालं. त्याच्या आधी तीन तास. तो उठत होता, मी उठू दिलं नाही. डॉक्टरांनाही खोटी वेळ सांगितली."

टीव्हीवरचा गोंगाट चालूच होता. वहिनींनी फोन उचलून त्याच्यासमोर धरला. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, स्क्रीनवर फक्त तो होता. त्यांनी त्याला विचारलं, "खरं आहे का हे?"

त्याने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हात तसाच खाली दाबत राहिला. बस, हलू नकोस, विकेट जाईल.